पंख्याचं विमान चार्टर करताना

संध्याकाळी पावणेसातला प्लांटवरून फोन आला, मोठा कॉम्प्रेसर बसलाय, बेअरिंग गेलं, उद्या सकाळी माणसं पाहिजेत. आमची कंपनी असल्या मशीनची दुरुस्ती करते आणि माणसं अन सामान वेळेवर पोचवणं हे माझं काम, बरीच वर्षं तेच करतेय. चार माणसं, एक बेअरिंगची पेटी, अंतर सरळ रेषेत साडेचारशे किलोमीटर. रस्त्याने गेलं तर डोंगरातून नऊ तास. रेग्युलर फ्लाइटने जायचं तर आधी उलट्या दिशेला मोठ्या एअरपोर्टला जा, तिथे विमान बदला, उतरल्यावर परत साडेतीन तास गाडीत बसा. म्हणजे कसंही धरलं तरी दिवस गेलाच. तेव्हा साहेब पहिल्यांदा म्हणाले, "चार्टरचं बघ काही जमतंय का."

चार्टर म्हणजे अख्खं विमान भाड्याने घेणं. ब्रोकरने दोन पर्याय पाठवले, एक लाइट जेट, म्हणजे छोटं जेट, आणि एक टर्बोप्रॉप, म्हणजे बाहेर पंखा असलेलं. साहेबांनी फोटो बघितला आणि म्हणाले, "हे पंख्याचं? हे जुनं असणार, जेटच घे." खरं सांगायचं तर मलाही तेव्हा तसंच वाटलेलं, पंखा दिसला की मागच्या जमान्यातलं विमान असा आपला समज असतो. पण त्या रात्री जेट मिळालं नाही, टर्बोप्रॉप मिळालं, आणि त्यानंतर आजपर्यंत इतक्या वेळा चार्टर केलंय की आता असं काही निघालं की मी आधी टर्बोप्रॉपच विचारते. का विचारते ते एकदा नीट लिहून ठेवते, कारण त्या वेळी शोधून शोधून थकले तरी साध्या भाषेत सांगणारं कुणी सापडलं नव्हतं.

तर आधी इंजिन. त्या पहिल्या सकाळी माणसं यायला अजून वेळ होता, कॅप्टन विमानाभोवती फिरून चेक करत होते आणि मी त्यांच्या मागे मागे. किंग एअर ३५० होतं, दोन इंजिनांचं. पंख्याच्या अगदी मागे, पुढच्या बाजूला, दोन्हीकडे जाड वाकडे पाइप बाहेर आलेले, मी म्हटलं हवा इथून आत जात असेल. कॅप्टन म्हणाले, "नाही मॅडम, इथून धूर बाहेर पडतो. हवा मागून आत जाते, उलटी पुढे येते, जळते आणि इथून बाहेर." मग त्यांनी मला दोन पावलं मागे थांबायला सांगितलं आणि पंख्याचं एक पातं एका बोटाने हळूच ढकललं. एवढा मोठा चार पात्यांचा पंखा सायकलच्या चाकासारखा गिरक्या घेत फिरायला लागला, काही आवाज नाही काही नाही. म्हणाले, हवा दाबणारा भाग आणि पंखा फिरवणारा भाग यांच्यात दांडा जोडलेला नाहीये, गरम वायूचा झोत मधल्या टर्बाइनवर आदळतो आणि त्याच्यावर पंखा फिरतो, म्हणून इंजिन बंद असताना पंखा असा मोकळा असतो. (पातं आपण कधीही हात लावून बघायचं नाही, हे त्यांनी तिथल्या तिथे दोनदा बजावलं, मीही बजावते.)

म्हणजे टर्बोप्रॉप हे आतून जेटच आहे. फक्त जेटमध्ये जोर मुख्यतः झोतातून आणि समोरच्या, आवरणाच्या आतल्या पंख्यातून येतो, आणि इथे तोच जोर गिअरबॉक्समधून बाहेरच्या मोठ्या पंख्याला दिलेला असतो. किंग एअरवर जे इंजिन होतं ते प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाचं पीटी६. १९६१ मध्ये हे इंजिन पहिल्यांदा हवेत गेलं, तेही दुसऱ्या एका विमानाच्या नाकावर बसवून, आणि तेव्हापासून पन्नास हजारांहून जास्त बनलीत. किंग एअर, पिलाटसचं पीसी-१२, टीबीएम, पियाजोचं अवांती, चार्टरच्या बाजारात जी नावं तुमच्यासमोर येतील त्यातल्या बहुतेकांच्या पोटात याच घराण्याचं इंजिन. म्हणून "जुनं असणार" याला उत्तर असं, की डिझाइनचं मूळ जुनं आहे ते खरं, पण ते जुनं आहे म्हणूनच त्याचे मेकॅनिक आणि पार्ट सगळीकडे मिळतात, आणि माझ्यासारख्या मशीनच्या धंद्यातल्या माणसाला याच्याइतकी दिलासा देणारी गोष्ट दुसरी नाही.

आता वेग, कारण साहेबांचा दुसरा प्रश्न तोच होता, "जेटने लवकर नाही का पोचणार?" पोचणार, पण किती लवकर ते कागदावर मांडून बघा. लाइट जेट ताशी साधारण ८०० किलोमीटरने जातं, किंग एअर साधारण ५६० ने. साडेचारशे किलोमीटरला जेटला ३४ मिनिटं, किंग एअरला ४८. फरक १४ मिनिटांचा! आणि हे सुद्धा दोन्ही विमानं पूर्ण वाटभर फुल स्पीडने गेली असं धरून, जे कधीच होत नाही, कारण चढताना उतरताना वेग कमी असतो आणि बऱ्याच देशांत १०,००० फुटांच्या खाली २५० नॉटच्या वर, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरच्या वर जायला परवानगीच नसते. त्या पट्ट्यात जेट आणि टर्बोप्रॉप बरोबरीनेच चालतात. शिवाय जेटला खरी मजा ४०,००० फुटांवर येते, तिथे हवा पातळ, इंधन कमी लागतं, पण एवढ्याशा अंतरात तिथे चढून जाईपर्यंत उतरायची वेळ होते, मग ते खालच्या जाड हवेत इंधन पीत बसतं. पंखा मात्र खूप हवा हळू ढकलतो, त्यामुळे वीस-पंचवीस हजार फुटांवर तो खूश असतो. अंतर हजार-बाराशे किलोमीटरच्या पुढे गेलं की मग चित्र बदलतं, तिथे मीही जेटचं कोटेशन मागवते, हट्ट काही नाही.

पण वेग पाहिजेच असेल आणि पंखाही चालत असेल तर एक विमान आहे ज्याच्यावर माझं मन जडलंय, ते म्हणजे पियाजो पी.१८० अवांती. इटलीचं. सप्टेंबर १९८६ मध्ये पहिल्यांदा उडलं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं हे उलटं जोडलंय की काय, कारण पंखे मागच्या बाजूला, विमानाला ओढण्याऐवजी ढकलणारे, आणि नाकावर मिशांसारखा एक छोटा पंख. म्हणजे पुढे एक छोटा पंख, मध्ये मोठा, आणि मागे शेपूट, अशा तीन जागी मिळून विमान तोललेलं. साध्या विमानात शेपटीचा पंख खालच्या बाजूला दाब देत असतो आणि तो दाब मुख्य पंखाला उगाच उचलावा लागतो, इथे पुढचा छोटा पंख उचलायला मदत करतो, म्हणून मुख्य पंख लहान ठेवता आला, हवेचा अडथळा कमी झाला आणि वेग ४०० नॉटपर्यंत गेला, म्हणजे ताशी ७४० किलोमीटर. हे आकडे लाइट जेटच्या पंगतीतले आहेत. वर ४१,००० फुटांपर्यंत जातं. आणि केबिन! १.७५ मीटर उंच, १.८५ मीटर रुंद, मी त्यात ताठ उभी राहते. किंग एअरच्या आणि पीसी-१२ च्या केबिनची उंची १.४५ मीटरच्या आसपास, तिथे सगळ्यांनाच कंबरेत वाकून सीटपर्यंत जावं लागतं.

अवांतीचा आवाज मात्र वेगळा. इंजिनाचा गरम झोत मागच्या पंख्याच्या पात्यांतून कापला जातो, त्यामुळे जमिनीवर उभ्या माणसाला एक चिरका, करवतीसारखा आवाज येतो, एकदा ऐकला की डोळे मिटूनही ओळखाल. आत बसलेल्याला याचा पत्ताही नसतो कारण पंखे केबिनच्या मागे राहतात. याच झोताने पाती गरम राहतात म्हणून पात्यांवर बर्फ धरत नाही, हे मला फार आवडलं, एकाच गोष्टीचा तोटा आणि फायदा. अडचण एवढीच की ही विमानं मोजकीच बनली, आणि कंपनीचे दिवसही कठीण गेले, २०१८ मध्ये ती सरकारी देखरेखीखाली गेली आणि नंतर तुर्कस्तानच्या बायकार कंपनीने ती घेतली. त्यामुळे तुमच्या जवळपास अवांती असेलच असं नाही, आणि असलं तरी एक बिघडलं की बदली विमान त्याच जातीचं मिळेल अशी आशा ठेवू नका. किंग एअर मात्र १९६४ पासून बनताहेत, हजारोंनी आहेत, एक नाही तर दुसरं उभं राहतं.

बाकीच्यांचं थोडक्यात. टीबीएम ३३० नॉटपर्यंत जातं, म्हणजे ताशी ६१०, एका इंजिनावर हे कमालच आहे, पण सीट कमी आणि सामानाला जागा कमी, दोघं-तिघं हलक्या बॅगा घेऊन जाणार असतील तरच. पीसी-१२ सुद्धा एकाच इंजिनाचं, पण त्याहून हळू, नव्या मॉडेलचं २९० नॉट, पण माझ्या कामाला तेच सगळ्यात जास्त उपयोगी पडलंय, आणि ते का ते त्या पेटीवरून सांगते.

ती पहिली पेटी. मी ब्रोकरला लांबी रुंदी उंची वजन सगळं लेखी पाठवलेलं, ८० सेंटीमीटर रुंद, त्याचं उत्तर आलं "जाईल, काळजी नको." सकाळी सहाला आम्ही विमानाच्या दाराशी उभे, आणि दार सत्तर सेंटीमीटरच्याही आत! किंग एअरचं दार उघडलं की त्याच्याच आतल्या बाजूला पायऱ्या असतात, छान दिसतं, पण त्यातून माणूस जातो, पेटी नाही. मी तिथेच रडकुंडीला आले. आमच्या टीममधले सगळ्यात सीनियर, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, ते काही बोलले नाहीत, बॅगेतून पान्हा काढला, खाली बसले आणि पेटीच्या फळ्या सोडवायला लागले. बेअरिंग बाहेर काढलं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलं, वर दोन ब्लँकेट, मग चौघांनी धरून आत नेलं आणि कॅप्टननी स्वतः पट्ट्याने मागच्या सामानाच्या जागेत बांधून दोनदा हलवून बघितलं. चाळीस मिनिटं गेली. पीसी-१२ ला मागे वेगळा मोठा कार्गोचा दरवाजा असतो, १.३५ मीटर बाय १.३२ मीटर, पेटी फोर्कलिफ्टने सरळ आत. तेव्हापासून मी वजनाच्या आधी दाराचं माप विचारते, आणि ते ब्रोकरला नाही, ऑपरेटरला, म्हणजे विमान उडवणाऱ्या कंपनीला.

वजनाचंही सांगते. बारा सीट आहेत म्हणजे बारा माणसं बसतील असं डोक्यातून काढून टाका. सगळ्या सीट भरल्या तर टाकी पूर्ण भरता येत नाही, टाकी पूर्ण भरली तर सगळी माणसं घेता येत नाहीत, या आकाराच्या जवळपास सगळ्याच विमानांचं असं असतं. म्हणून ते प्रत्येकाचं वजन विचारतात, आणि लोक कमी सांगतात. लाजून सांगतात, मला कळतं ते, पण पाच माणसांनी पाच-सात किलो कमी सांगितलं आणि वर बॅगेत हत्यारं भरली की कॅप्टनचा हिशेब चुकतो, आणि गरम दिवशी, उंचावरच्या छोट्या धावपट्टीवर, तो हिशेब बरोबर असणं फार गरजेचं आहे. आता मी आमच्या ऑफिसातच वजनकाटा ठेवलाय, बॅगेसकट उभं राहायचं, आकडा मी लिहून घेते, कुणाला दाखवत नाही.

धावपट्टी. माझ्या मते चार्टरमध्ये खरा वेळ हवेत वाचतच नाही, तो इथे वाचतो. आमच्या त्या प्लांटपासून वीस मिनिटांवर एक छोटी धावपट्टी आहे, ११५० मीटरची, आणि जेट ज्या एअरपोर्टला उतरू शकत होतं तो दोन तासांवर. वरचा १४ मिनिटांचा फरक आठवा आणि त्याच्यापुढे हे दोन तास ठेवा. यामागे नियमही आहेत. युरोपच्या नियमांनुसार भाड्याने उडणाऱ्या जेटने उपलब्ध धावपट्टीच्या ६० टक्क्यांत थांबता आलं पाहिजे, टर्बोप्रॉपला ७० टक्क्यांपर्यंत मुभा. म्हणजे दोघांनाही थांबायला ८०० मीटर लागत असतील तरी जेटला कागदावर १३३३ मीटरची धावपट्टी लागते, टर्बोप्रॉपला ११४३ ची. आणि चाकं टेकल्यावर पंख्याच्या पात्यांचा कोन उलटा करता येतो, पंखा पुढे ढकलण्याऐवजी मागे ओढतो, तुम्ही आत बसलेले असाल तर एकदम घुमल्यासारखा आवाज येतो आणि पट्टा पोटात रुततो, घाबरू नका, तो ब्रेकच आहे. पीसी-१२ तर मातीच्या आणि गवताच्या पट्टीवरही उतरतं, अर्थात ऑपरेटरला तशी परवानगी असेल आणि पट्टी कोरडी असेल तर.

पैशांच्या हिशेबात मी दोनदा चांगलीच फसलेय, त्यामुळे हे जरा बारकाईने. भाडं तासावर असतं, पण तास तुम्ही बसल्यापासून उतरेपर्यंतचे नसतात, विमान स्वतःच्या घरून निघून परत घरी पोचेपर्यंतचे असतात. समजा विमानाचं घर तुमच्यापासून ४० मिनिटांवर आहे, तुमचा प्रवास ६० मिनिटांचा, आणि तिथून विमानाला परत घरी जायला ७० मिनिटं. तुम्ही बसलात एक तास, पैसे १७० मिनिटांचे. दोन दिवसांनी परत आणायला तेच विमान बोलावलं तर परत १७०, एकूण ३४०. पण त्याच दिवशी काम करून परत येणार असाल आणि विमान तिथेच थांबलं तर ४० अधिक ६० अधिक ६० अधिक ४०, म्हणजे २०० मिनिटं. फक्त सोडून यायला १७० आणि नेऊन आणायला २००! हे मला कळलं त्या दिवसापासून मी शक्य तिथे काम एका दिवसात बसवते, आणि कोटेशन मागताना सगळ्यात आधी विचारते, विमान राहतं कुठे. थोडं महाग पण जवळ राहणारं विमान शेवटी स्वस्त पडतं. वर लँडिंगचे, पार्किंगचे, हँडलिंगचे पैसे, रात्र राहिली तर क्रूचा खर्च, थंडीत पंखांवरचा बर्फ धुवायचे पैसे, दिवसाला किमान इतके तास धरणारच अशी अट, हे सगळं कोटेशनमध्ये आहे की नंतर येणार ते लेखी घ्या. माझ्या पहिल्या बिलात परतीचे रिकामे तास कोटेशनमध्ये नव्हते, बिलात होते, आणि मला साहेबांसमोर उभं राहून ते समजावून सांगावं लागलं. विमान रिकामं परत जाताना कमी पैशांत सीट मिळतात हे खरंय, पण ते मूळ गिऱ्हाइकाच्या वेळेवर अवलंबून असतं, त्याने बेत बदलला की तुमचं विमान गेलं, त्यामुळे कामाच्या दिवसाला मी त्याच्या वाटेला जात नाही.

आता ज्याच्यासाठी हा सगळा लेख लिहायला बसले ते. एकदा एका माणसाने मला बाकीच्यांच्या जवळपास निम्मा रेट दिला. मी नेहमीप्रमाणे ऑपरेटरचं नाव आणि एअर ऑपरेटर सर्टिफिकेट मागितलं, ज्याला सगळे एओसी म्हणतात. तो म्हणाला, "त्याची काय गरज, मालक ओळखीचे आहेत, पायलट अनुभवी आहे, कागदावर आपण खर्च वाटून घेतला असं दाखवू." मी फोन ठेवला. एओसी म्हणजे नुसता कागद नाही, पायलटला ठरावीक काळाने पुन्हा तपासणं, त्याचे ड्युटीचे तास मोजणं, भाड्याने उडण्याच्या नियमाने विमानाची देखभाल, प्रवाशांचा विमा, हे सगळं त्याच्याखाली येतं. खाजगी उड्डाणाला यातलं बरंचसं लागत नाही.

२१ जानेवारी २०१९ च्या रात्री फुटबॉलपटू एमिलियानो साला फ्रान्समधल्या नांतहून वेल्समधल्या कार्डिफला छोट्या विमानाने निघाला आणि विमान इंग्लिश खाडीत पडलं. ते टर्बोप्रॉप नव्हतं, पिस्टन इंजिनाचं होतं, पण गोष्ट तीच. ब्रिटनच्या चौकशीत निघालं की पायलटकडे भाड्याने प्रवासी नेण्याचं लायसन्स नव्हतं, रात्री उडवायची पात्रता नव्हती, आणि एक्झॉस्टमधून कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये आला असण्याची दाट शक्यता होती. ज्याने ते उड्डाण जमवून दिलं त्याला २०२१ मध्ये अठरा महिन्यांची शिक्षा झाली. साला अठ्ठावीस वर्षांचा होता. मी जेव्हा जेव्हा चार माणसांची नावं प्रवाशांच्या यादीत टाइप करते तेव्हा मला हे आठवतं, कारण ती माणसं मला विचारत नाहीत की विमान कोणाचं, ती नुसती येऊन बसतात. म्हणून ब्रोकर कितीही चांगला असला तरी उडवणारा कोण, एओसी कोणाची, आणि आज येणाऱ्या विमानाचा नंबर त्या एओसीवर आहे का, ही तीन उत्तरं लेखी आल्याशिवाय मी पैसे सोडत नाही. आरगस किंवा वायव्हर्नसारख्या बाहेरच्या संस्थेचं सुरक्षेचं ऑडिट झालेलं असेल तर उत्तम. दोन पायलट मी नेहमी मागते, विमानाला एक पायलट चालत असला तरी.

एका इंजिनाचं घ्यावं की दोन, हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. युरोपात २०१७ पर्यंत एका इंजिनाच्या विमानाने ढगांतून किंवा रात्री पैसे घेऊन प्रवासी न्यायला सरसकट परवानगी नव्हती, त्या वर्षी नियम बदलला आणि टर्बाइन इंजिन असेल तर अटींवर परवानगी मिळाली, कारण या इंजिनांच्या भरवशाचा हिशेब एवढ्या वर्षांत समोर होता. मी दिवसा, सपाट भागावरून पीसी-१२ बिनघोर पाठवते. रात्री डोंगरावरून किंवा लांब पाण्यावरून जायचं असेल तर शक्यतो दोन इंजिनांचं मागते. हे माझं मत आहे, नियम नव्हे.

आत बसल्यावर काय, तर पंख्याच्या रांगेतली सीट सोडून द्या, सगळ्यात मागची किंवा सगळ्यात पुढची घ्या. दोन इंजिनांच्या विमानात वर गेल्यावर सुरुवातीला वाँ... वाँ... वाँ असा येणारा-जाणारा आवाज ऐकू येतो, दोन पंख्यांची गती केसभर वेगळी असली की तो येतो, मग हळूहळू लांबत जातो आणि एका क्षणी नाहीसा होतो, फक्त एकसारखी गुणगुण उरते. मला तो क्षण फार आवडतो. पंखाच्या पुढच्या कडेला काळी रबरी पट्टी दिसेल, बर्फ धरला की ती फुगते आणि बर्फ फोडून टाकते. उन्हाळ्याच्या दुपारी झटके बसतात, कारण जेटसारखं बहुतेक ढगांच्या वर जाता येत नाही, त्यामुळे शक्यतो सकाळची वेळ घ्या. आणि जिथे ट्रेन तीन-चार तासांत पोचवते तिथे ट्रेननेच जा, मी तरी तसंच करते, चार माणसांसाठी एवढं इंधन जाळायला तसंच कारण हवं.

मागच्या वर्षी त्याच प्लांटला परत जावं लागलं, या वेळी पीसी-१२ ने. छोट्या धावपट्टीला रात्रीचे दिवे नाहीत. चार वाजता कॅप्टनचा मला फोन, "मॅडम, सूर्यास्त सहा दहाला आहे, पावणेसहाला चाकं सुटली पाहिजेत." साडेपाचला काकांचा फोन, "अगं, शाफ्ट अजून नीट बसला नाहीये, अर्धा तास दे." मी कॅप्टनना फोन केला आणि विनवणी केली, दहाच मिनिटं, उजेड तर असतो ना नंतरही. ते शांतपणे म्हणाले, "नाही. मी विमान मोठ्या एअरपोर्टला नेतो, तिथे दिवे आहेत. तुमची माणसं गाडीने तिकडे येऊ देत. माझी ड्युटी साडेदहाला संपते, सव्वानऊच्या आत उडालो तर तुम्हाला घरी सोडतो, नाहीतर उद्या सकाळी." आणि बरोबर पावणेसहाला ते रिकामं विमान घेऊन गेले. मला राग आला होता त्या क्षणी. पाच मिनिटांनी गेला.

माणसं नऊला पोचली, नऊ दहाला विमान उडालं. मी इकडे दहा वाजता विमानतळावर उभी होते, वारं सुटलेलं. विमान आलं, वळलं, इंजिन बंद झालं आणि पंखा बराच वेळ मोकळाच फिरत राहिला. काका सगळ्यात शेवटी उतरले, हातावर ग्रीसचे डाग तसेच, म्हणाले, "बसला शाफ्ट. चालू करूनच आलो." मी त्यांच्या हातातली हत्यारांची बॅग घेतली. मागे कॅप्टन टॉर्च तोंडात धरून पंख्याचं एक पातं खाली ओढत होते आणि त्याला पट्ट्याने बांधत होते, कारण नाहीतर तो नुसत्या वाऱ्यावर रात्रभर फिरत राहिला असता.